‘नागरिकांनो’ न म्हणणारे जनूकाका

आमच्या आरोग्य पथकाच्या रिक्षातून जनूकाका भोंग्यावर सूचना देतात, पण हातातला कागद कधी वाचत नाहीत. ‘नागरिकांनो’ हा शब्द तर त्यांच्या तोंडून निघतच नाही. “नागरिक म्हटलं की जो तो शेजाऱ्याकडे बघतो,” असं त्यांचं म्हणणं. मग तुळिंजच्या गल्लीत ते थेट सुरू होतात, “कपडे वाळत घालणाऱ्या ताई, मागच्या पिंपावर झाकण ठेवा. हो, तुम्हीच.”

ताई आधी रागावतात, मग झाकण ठेवतात.

उमेळ्यातली केळीची वाडी सांभाळून उरलेला सगळा वेळ काका शब्द खोडण्यात घालवतात. ‘त्वरित’ खोडतात, ‘प्रतिबंधात्मक’ दोनदा खोडतात. मी पथकातली नर्स. मला म्हणतात, “सिस्टर, हे वाक्य आईला फोनवर सांगा बघू.” आईनं “काय गं?” विचारलं की वाक्य बाद.

परवा क्षयाच्या तपासणीचं शिबिर होतं. पहिल्या दिवशी काका नव्हते. दुसऱ्या कुणीतरी कागद जसाच्या तसा वाचला, “संशयित रुग्णांनी त्वरित तपासणी करून घ्यावी.” दिवसभर शिबिरात आम्ही चौघं आणि पंखा.

दुसऱ्या दिवशी काका आले. ‘संशयित’वर बोट ठेवून म्हणाले, “हा चोराला लावायचा शब्द.” आणि भोंगा सुरू केला.

“दोन आठवडे खोकताय? या. नाव मोठ्यानं कुणी पुकारणार नाही. आजार निघालाच, तर गोळ्या आहेत, माणूस बरा होतो. येताना घरच्यांनाही आणा.”

दुपारपर्यंत रांग रस्त्यावर गेली. थुंकीच्या नमुन्याच्या डब्या संपल्या, मी आणायला धावले, परत आले तर रांग आणखी लांब. एक बाई नवऱ्याचा दंड पकडूनच उभी होती. मला इतका आनंद झाला की जेवायचं राहिलं.

सामान आवरताना मी विचारलं, “काका, घरच्यांना आणा, हे कसं सुचलं? कागदात नव्हतं.”

ते वायर गुंडाळत होते.

“विसाव्या वर्षी मला झाला होता क्षय. गावात पत्रक वाटलं. त्यात औषध होतं, सगळं होतं. लोकांनी ‘रुग्णापासून दूर राहा’ एवढंच वाचलं. ठरलेलं लग्न मोडलं.”

“पण बरे झालात ना?”

“झालो की. त्याचं पत्रक कुणी काढलं नाही.”

त्यांनी वायर पिशवीत ठेवली आणि ते घोटभर पाणी प्यायले.

“उद्या आचोळ्याला शाळा सुटायच्या वेळी जाऊ,” ते म्हणाले. “सगळ्या आया एका जागी भेटतात.”