चष्मेवाले पाय टेकवत नाहीत

साठ किलोमीटर सायकल चालवायची असं चष्मेवाल्यांनी काही ठरवलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. साडूच्या घरी रविवारचं जेवण चाललं होतं आणि साडूभाऊ नेहमीप्रमाणे स्वतःच्या मांड्यांबद्दल बोलत होते. द्राक्षमळ्यांतून आणि जुन्या गावांतून दरवर्षी निघणारी ती सायकलफेरी, तो जीवघेणा चढ आणि सगळ्यांच्या आधी पोचल्याबद्दल मिळालेलं ते पदक. पदक समोरच्या भिंतीवर, बरोबर दिव्याखाली टांगलेलं होतं. जेवणाऱ्याला दुसरीकडे बघायची सोयच ठेवली नव्हती.

"तुम्हांला नाही हो झेपायचं," साडूभाऊ चष्मेवाल्यांच्या पोटाकडे मायेनं बघत म्हणाले. "तुमचं काम बैठं."

"न झेपायला काय झालं? यंदा मी येतोय," चष्मेवाले म्हणाले. म्हणाले आणि त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

आता माघार घ्यायची सोय नव्हती. बायकोची ताई म्हणजे एकाआड एक रविवारचं जेवण ठरलेलं. फेरी अर्धवट सोडली तर वर्षातून सव्वीस वेळा, मरेपर्यंत, त्या पदकाखाली बसून तोच विषय ऐकावा लागणार. सव्वीस! नुसत्या विचारानं चष्मेवाल्यांची भूक गेली. पुढे दोनदा वाढून घेतलं ते केवळ ताईच्या आग्रहाखातर.

दुसऱ्याच दिवशी सायकल आली, पिवळाधमक शर्ट आला आणि खास बूट आले. वीस वर्षं लोकांना आरसा दाखवून चष्मे विकलेला हा माणूस, पण दुकानात मोठा आरसा दिसला आणि स्वतःच्या पोटऱ्यांच्या प्रेमात पडला. "साहेब, या बुटाच्या तळाला खाच आहे," दुकानदार सांगत होता. "ती पेडलमध्ये खटकन अडकते. मग पाय सोडवायचा असला की..."

"कळलं, कळलं," चष्मेवाले डावी पोटरी आरशात फिरवत म्हणाले. बायको पिशवी धरून शेजारी उभी होती. तिनं निदान ऐकून घेतलं.

सराव झाला तो गल्लीच्या टोकापर्यंत, तोही चपला घालून, कारण नवे बूट धुळीत खराब झाले असते. दोन फेऱ्यांत चष्मेवाल्यांना साक्षात्कार झाला की साठ किलोमीटर हे अंतर माणसासाठी नसून टेम्पोसाठी आहे. योगायोगानं त्याच संध्याकाळी द्राक्षांची क्रेटं वाहणारा एक टेम्पोवाला जवळचा चष्मा न्यायला आला. चष्मेवाल्यांनी आवाज खाली आणून बेत सांगितला. पहिल्या गावाच्या वेशीमागे थांबायचं, माणूस आणि सायकल क्रेटांमध्ये घालायची आणि शेवटच्या वळणाअलीकडे उतरवून द्यायचं.

टेम्पोवाल्याची भुवईसुद्धा हलली नाही. "ताडपत्री आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "आठ वाजता."

फेरीच्या सकाळी शिट्टी झाली, शे-सव्वाशे सायकली निघाल्या आणि चष्मेवाल्यांच्या पायाखाली खट्, खट् असा भारदस्त आवाज झाला. त्यांना तो फार आवडला. "भेटू शेवटी!" असं ओरडून पांढऱ्याशुभ्र शर्टातले साडूभाऊ दिसेनासे झाले. चष्मेवालेही खुशीत होते. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे घोस लटकत होते, उतार होता आणि आठ किलोमीटरवर टेम्पो होता. सायकलिंग इतकं सोपं असतं हे लोक उगाच लपवून ठेवतात, असं त्यांना वाटलं.

वेशीमागे टेम्पो उभा होताच. चष्मेवाल्यांनी ऐटीत वेग कमी केला आणि पाय उचलला. पाय उचलला गेला नाही. दुसरा उचलून पाहिला. तोही नाही. सायकल कलंडायला लागली तसं घाईघाईनं पेडल मारून त्यांनी टेम्पोला एक प्रदक्षिणा घातली.

"या ना साहेब, उतरा!" टेम्पोवाल्यानं हाक मारली.

"उतरता येत नाहीये! बूट अडकलेत!"

"मग काढून टाका बूट!"

सूचना उत्तम होती. पण बुटाच्या पट्ट्यापर्यंत हात पोचायला मध्ये पोट होतं आणि एक हात सोडला की सायकल थेट विहिरीकडे वळत होती. "धर मला! धर!" दुसऱ्या प्रदक्षिणेत चष्मेवाले ओरडले. टेम्पोवाल्यानं धरायला हात पुढे केला आणि चाकाखाली पायाचा अंगठा देऊन मागे घेतला.

"अहो, नीट ठरवा काय ते!" तो एका पायावर नाचत म्हणाला. "पुढच्या गावी दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय माझं!" आणि तिसरी प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत टेम्पो निघूनही गेला.

थांबायचं तर आपटायचं, तेही सगळ्या गावासमोर, नवा शर्ट घालून. त्यापेक्षा चालवत राहिलेलं बरं. म्हणून चष्मेवाले चालवत राहिले. दुसऱ्या गावात दगडी कमानीखाली एक गाइड पर्यटकांना सांगत होता, "पाचशे वर्षांत या कमानीतून एकही शत्रू आत घुसू शकला नाही." त्याच क्षणी "सरका! सरका!" करत चष्मेवाले आत घुसले, एका बाईच्या छत्रीसकट बाहेर पडले आणि ती छत्री पुढे चार किलोमीटर त्यांच्या कोपराला लटकत राहिली.

मग रेल्वेचं फाटक लागलं आणि तेही बंद. बाकीचे सायकलवाले पाय टेकून पाणी पीत उभे होते. चष्मेवाल्यांना टेकायला पायच नव्हते. ते बिचारे फाटकासमोरच्या मैदानात गोल गोल फिरायला लागले.

"काय हो, उतरत नाही तुम्ही?" एकानं विचारलं.

"नाही," चष्मेवाले दात खाऊन म्हणाले. खरं सांगायला दम उरला नव्हता.

"पाय टेकवतच नाहीत ते," तो शेजाऱ्याला आदरानं म्हणाला. "बघ, खरा सायकलवाला असा असतो." मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत चष्मेवाल्यांच्या मागे अकरा जण गोल फिरत होते आणि एक जण त्यांच्या श्वासाची पद्धतही शिकून घेत होता.

तिथून पुढे बातमी त्यांच्याआधी पोचू लागली. लोक वाटेत उभे राहून त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते, पोरं टाळ्या वाजवत होती. त्या प्रसिद्ध चढावर अर्ध्याहून अधिक मंडळी उतरून सायकल ढकलत होती. चष्मेवाले त्यांच्या शेजारून, मुंगीच्या पावलानं, साडूभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वर गेले. ते मंत्र पुटपुटताहेत असा लोकांचा समज झाला.

शेवटी द्राक्षमळ्याचं अंगण आलं. चष्मेवाल्यांनी डोळे मिटले आणि सायकल सरळ रिकाम्या पोत्यांच्या ढिगात घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ढिगावर उताणे पडलेल्या चष्मेवाल्यांचे पाय अजून पेडललाच होते.

गर्दीतून बायको आली. ती शांतपणे वाकली, त्यांची टाच धरली आणि बाहेरच्या बाजूला किंचित वळवली. खट्. मग दुसरी. खट्.

चष्मेवाले मोकळ्या पायांकडे बघत राहिले. "तुला माहीत होतं?"

"दुकानदारानं सांगितलं होतं. तुम्ही आरशात होतात."

"अगं, मग मला सांगायचं नाही? जीव गेला असता माझा!"

"सांगणारच होते," बायको म्हणाली. "तेवढ्यात टेम्पोवाल्याचा घरी फोन आला. 'साहेब आठला नक्की ना? सायकल झाकायला ताडपत्री घेतलीय,' म्हणाला. मग म्हटलं, राहू दे."

बायकोनं त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. "पण केलीत हो पुरी," ती हळूच म्हणाली आणि तिचे डोळे जरा भरून आले. "आता उठा आणि भावोजींची पाठ बघून या."

साडूभाऊ व्यासपीठावर उभे होते. सगळ्यांच्या आधी पोचले होते, अंगाला घामाचा टिपूस नव्हता आणि चढावरच्या वाऱ्याबद्दल बोलत होते. मागे तोच टेम्पो क्रेटं उतरवत होता. साडूभाऊंच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर, पाठीपासून थेट बैठकीपर्यंत, क्रेटच्या जाळीचे जांभळे चौकोन स्वच्छ उमटले होते. ते वाचायला चष्माही लागत नव्हता.

चष्मेवाले लंगडत वर गेले, साडूभाऊंच्या खांद्यावर प्रेमानं हात टाकला आणि कानाशी लागून म्हणाले, "काय साडूभाऊ, ताडपत्रीखाली उकडलं का हो फार?"

पुढच्या रविवारच्या जेवणाला भिंतीवर दिव्याखाली नुसता खिळा होता. साडूभाऊ पावसाबद्दल बोलले, भाजीबद्दल बोलले, परत पावसाबद्दल बोलले.

"अहो, यंदा सायकलचं काहीच सांगितलं नाहीत?" ताईनं विचारलं.

"सांगा की," चष्मेवाले म्हणाले.

साडूभाऊंनी घाईघाईनं भांडं उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा चष्मेवाल्यांना स्वतःच्या हातानं वाढलं.