खंडूनानांची शिट्टी

आमच्या चौकात गाडी वाकडी लावली तर पोलीस येत नाहीत, खंडूनाना येतात. अंगात लेंगा-सदरा, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, हातात चुन्याच्या फक्कीची बादली. आधी शिट्टी, मग उजवा हात वर आणि मग अर्ध्या मारुंजी गावाला ऐकू जाईल असा एकच शब्द, "बाद!"

हिंजवडीच्या कंपनीतला एखादा नवखा पोरगा गाडी लावून पाव आणायला उतरलेला असतो. आपण नेमके कशातून बाद झालो हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

"अंकल, दोन मिनिटं फक्त."

"चाक रेषेवर हाय. रेषेवर पाय म्हंजी बाद. मिंटाचा हितं काय संबंध न्हाई."

रेषा कसली, तर पहाटे नानांनीच डांबरावर फक्कीने ओढलेली. दुपारपर्यंत टेम्पो ती पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा ओढतात.

नाना कबड्डीचे पंच. तालुक्यातल्या एकेका जत्रेत त्यांची शिट्टी वाजलेली आहे आणि सगळं जग ते मैदानाच्या भाषेतच समजून घेतात. सुनेशी भांडून आलेल्या म्हाताऱ्याला ते म्हणतात, "दम बघून चढाई करावी मानसानं." माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. परत आणलेल्या बल्बवरून मी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालू लागलो की बाहेरून निकाल येतो, "सोड रं, गुण त्येचा!" माझ्या धंद्याचं निम्मं नुकसान या पंचगिरीने केलंय.

चौकामागे देवळाला लागून नानांची पाच गुंठे मोकळी जागा आहे. तेच त्यांचं मैदान. चकचकीत बूट घातलेली बिल्डरची माणसं तिथे हेलपाटे घालून दमली. नाना त्यांना म्हणत, "बूट काढून या." तिथेच बोलणी संपत. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता नाना ते मैदान झाडायचे, पाणी मारायचे, फक्कीने आखायचे, शिट्टी वाजवायचे आणि तासभर कडेच्या दगडावर बसून राहायचे. खेळायला कुणीही यायचं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आम्ही आपले दुकानातून बघून हसायचो. मीसुद्धा.

मग नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला आणि हसू पार मावळलं. पाहणीला आलेले साहेब आमच्या रांगेसमोरची दुचाक्यांची गर्दी बघून म्हणाले, "पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी जागा दाखवा. नाहीतर ही रांग व्यापारी पट्ट्यातून काढून निवासी धरावी लागेल." म्हणजे सातही दुकानांना कुलूप. वडिलांनी पत्र्याच्या टपरीपासून उभं केलेलं माझं दुकान त्यात होतं. वायरचे तुकडे विकण्यापलीकडे मला काही येत नाही, पन्नाशीत मला कोण कामावर ठेवणार? घरात पोरांवर विनाकारण खेकसू लागलो.

नानांची जागा सगळ्यांना दिसत होती, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? शेवटी शिंपीकाम करणारा रफिक म्हणाला, "सगळीच जाऊ. ओरडा खाल्ला तर वाटून खाऊ."

रविवारी पाचला आम्ही सात दुकानदार मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. चपला कुणी न सांगता आपोआप निघाल्या. नाना दगडावरून उठले. बोटाने आम्हाला मोजलं. पुन्हा एकदा मोजलं.

"सात," ते म्हणाले. "संघ पुरा हाय. रफिक, तू डाव्या कोपऱ्याला. जा."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आम्ही सातही जण शाळेत असताना नानांनीच तयार केलेल्या संघात होतो. पुढे दुकानं झाली, लग्नं झाली आणि एकेकाचं मैदानावर यायचं राहून गेलं. आता येणार नाही, एवढं सांगायलाही कुणी गेलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचरत मी गाड्यांच्या जागेचं सांगितलं.

"घ्या की," नाना म्हणाले. "रडल्याबिगर आई बी पाजत न्हाई."

"पण तुम्ही बिल्डरला तर..."

"त्यो जागा इकत मागत हुता. मैदानात येऊ का, आसं त्येनं न्हाई इचारलं. तुमी बी इतकी वर्सं न्हाई. पर आज चपला काढून आलात." मग बादली उचलून म्हणाले, "रविवारी पाचला एक बी गाडी दिसता कामा न्हाई. बाकी रोज तुमचंच."

साहेब पुन्हा पाहणीला आले तेव्हा मैदानावर फक्कीचे सरळसोट रकाने आखलेले होते. साहेबांची जीप आत शिरली आणि मागचं चाक रेषेवर थांबलं. शिट्टी वाजली. "बाद!" आम्ही डोळे मिटून घेतले. साहेबांनी खाली वाकून चाक बघितलं, ड्रायव्हरला गाडी नीट लावायला सांगितली आणि म्हणाले, "अशी शिस्त मी पुण्यातसुद्धा पाहिली नाही हो."

आराखड्यावरच्या सुनावणीत आमची रांग व्यापारी पट्ट्यात राहिली. जीव भांड्यात पडला. त्या रात्री मी घोरलो असं बायको कौतुकाने सांगत होती.

रविवारी साडेचारलाच गाड्या हलवल्या. नानांनी रकाने पुसून मैदान आखलं. आम्ही पँटचे पाय दुमडून उतरलो. तीन इकडे, चार तिकडे. रफिकचं पोट त्याच्या आधी कोपऱ्यात पोचत होतं. पहिली चढाई माझी. मध्यरेषा ओलांडली आणि तिसऱ्या "कबड्डी"ला माझा दम संपला. पाय अडकून सपशेल आडवा झालो.

"बाद!"

आवाज तोच, पण नाना शिट्टी सोडून धावत आले. हात धरून मला उठवलं आणि शाळेतल्या पोराची झटकावी तशी माझ्या पाठीवरची माती झटकली. मग दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले,

"म्होरल्या रविवारी बी ये रं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी निकालच ऐकले होते, विनवणी कधीच नाही.

"येतो, नाना," मी म्हणालो.

त्यांनी घाईने तोंड फिरवलं आणि शिट्टी वाजवली. "रफिक, चढाई तुजी!"