टेगन डॉयल नावाचं यंत्र

"टेगन डॉयल नावाची बाई या जगात नाही!" अल्फ ट्रेवेनानं बोलिंग क्लबच्या टेबलावर मूठ आपटली. "यंत्र आहे ते! आणि या आठवड्यात मी ते सिद्ध करून दाखवतो!"

"मागच्या वर्षी तू पोस्टातल्या बाईलाही यंत्र म्हणाला होतास," क्लबचा अध्यक्ष नॉर्म किटो म्हणाला. "बिचारी हसत नाही, एवढाच तिचा गुन्हा!"

पण अल्फचा संशय पक्का होता. करिंगा गावचं साप्ताहिक कागदावर निघायचं बंद होऊन फोनवर गेलं, तेव्हापासून त्याला त्यात माणसाचा वास येत नव्हता. कचेरीच्या जागी नखं रंगवायचं दुकान आलं होतं. बातमी पाठवली की पापणी लवायच्या आत उत्तर यायचं: "छान! धन्यवाद! – टेगन." रविवारीही छान, पहाटेही छान. क्लबचा जुना खजिनदार वारल्याची बातमी पाठवली, तरी छान! धन्यवाद!

अल्फच्या जिवाला हे लागायचं कारण होतं. क्लबच्या सामन्यांचं सदर त्याची बायको बेरिल लिहायची. कोण जिंकलं, कोण हरलं, हरलेल्याचा गुडघा त्या दिवशी कसा दुखत होता, सगळं. ती हिवाळ्यात गेली. तिचं कपाट आवरायला अल्फचा हात धजला नव्हता, पण सदर त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. आणि आता ते वाचायला तिकडे कोणी माणूसच नसेल तर? हा विचार त्याला जेवू देत नव्हता.

म्हणून त्यानं गळ टाकला. शनिवारच्या निकालाखाली लिहून दिलं: "खेळ रंगात असताना मॅगपायनं झेप घेऊन अध्यक्षांची टोपी उडवली आणि हिरवळीवरचा जॅक चोचीत धरून पळवला. त्यामुळे सामना बरोबरीत सुटला."

वसंतात इथले काळेपांढरे मॅगपाय पक्षी मागून येऊन माणसांच्या डोक्यावर झेपावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जॅक, म्हणजे बोलिंगमध्ये ज्याच्याजवळ मोठे चेंडू घरंगळत न्यायचे तो छोटा पांढरा चेंडू, दगडासारखा जड. मॅगपायनं तो उचलणं म्हणजे कोंबडीनं नारळ पळवणं! माणूस असेल तर हसेल, फोन करेल. यंत्र असेल तर छापेल.

"छान! धन्यवाद! – टेगन."

आणि छापलं! वर मथळा: 'करिंगात मॅगपायचा हल्ला, ज्येष्ठ थोडक्यात बचावले.'

"बघा!" अल्फ फोन नाचवत क्लबभर फिरला. "सापडलं की नाही?"

"तू नाच!" नॉर्म करवादला. "तिकडे पर्थहून बहिणीचा फोन आलाय. रडतेय! मी कोणत्या इस्पितळात आहे विचारतेय!"

बातमीला पाय फुटले होते. शहरातल्या एका पेपरानं ती उचलली आणि 'थोडक्यात बचावले'चं 'जखमी' झालं. दुसऱ्यानं शेजारी फोटो लावला, तो पेलिकनचा! मॅगपायला चकवायला मागच्या बाजूला डोळे रंगवलेले आइस्क्रीमचे रिकामे डबे गावकऱ्यांच्या डोक्यावर आले. जो तो मान वाकडी करून आभाळाकडे संशयानं बघत चालू लागला. तिघांनी तर आपल्यालाही टोचल्याचं शपथेवर सांगितलं. त्यातला एक महिनाभर घराबाहेर पडला नव्हता!

गुरुवारी गावच्या काउन्सिलचा माणूस आला आणि क्लबच्या फाटकाला पाटी ठोकू लागला: वसंत संपेपर्यंत मैदान बंद.

अल्फ फाटकाकडे धावला. शनिवारी बेरिलच्या नावाचा पहिला सामना होता. चषकावर तिचं नावही कोरून आलं होतं.

"अरे थांब! मॅगपाय नाहीये!"

"आजोबा, पेपरात आलंय."

"पेपरात मीच लिहिलंय!"

"मग तर तुम्ही प्रत्यक्ष साक्षीदार," असं म्हणून त्यानं दुसरा खिळा ठोकला.

अल्फनं टेगनला लिहिलं, "बातमी खोटी आहे." उत्तर आलं: "छान! धन्यवाद!" त्यानं लिहिलं, "छान नाही!!!!" उत्तर आलं: "छान! धन्यवाद!" तो निरोपांवर निरोप पाठवत राहिला.

शुक्रवारी दुपारी क्लबसमोर धुळीनं माखलेली गाडी थांबली. डोक्यावर आइस्क्रीमचा डबा घातलेली एक तरुण मुलगी उतरली आणि धावत आत शिरली.

"अल्फ ट्रेवेना? मी टेगन डॉयल."

अल्फनं तिला पायापासून डब्यापर्यंत न्याहाळलं. "कशावरून?"

क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या डॉटनं तिच्यापुढे लॅमिंग्टन केकची बशी ठेवली. टेगननं ती बोलता बोलता रिकामी केली.

"माणूस आहे," डॉट म्हणाली. "उपाशी माणूस."

"मग डबा कशाला घातलास?" अल्फनं विचारलं.

"तुम्ही आधी लिहिलंत मॅगपाय आहे, मग लिहिलंत नाही. मला डोकं एकच आहे, अल्फ!"

"आणि ते 'छान, धन्यवाद'?"

"ते आपोआप जातं. एवढ्या गावांचे पेपर मी एकटी बघते. जेवते ती गाडीत. पण प्रत्येक बातमी फोन करून तपासते. फक्त तुमचं सदर तपासत नाही."

"का?"

"आधीच्या बातमीदारानं सांगितलं होतं, ट्रेवेनांच्या घरून आलेलं तसंच छापायचं. बेरिल कधी चुकत नाही."

अल्फनं रिकामी बशी बाजूला सारली. म्हणाला, "उद्या तिचा सामना आहे. मी खोटं लिहिलं म्हणून छाप. माझ्या नावानं छाप."

तिनं तिथेच बसून छापलं: 'मॅगपाय आलाच नव्हता. चूक माझी. माफ करा. – अल्फ ट्रेवेना.' आणि पुढच्या गावाला निघून गेली.

थोड्याच वेळात नॉर्म फोन घेऊन धावत आला. "अल्फ! तुझंच खरं निघालं! यंत्रच आहे ते! हे बघ, तुझ्या नावावर काय खपवलंय. 'चूक माझी, माफ करा'! लेका, शाळेपासून ओळखतो तुला. हे तू लिहिणं शक्य आहे का?"

गावाचंही तेच मत पडलं: माफी खोटी, मॅगपाय खरा. काउन्सिलचंही! डॉटनं खूप हुज्जत घातली, तेव्हा काउन्सिलनं एवढीच सवलत दिली: डोकं झाकून खेळा. म्हणून बेरिलच्या नावाचा पहिला सामना सगळे जण आइस्क्रीमचे डबे घालून खेळले. अल्फही. चषक नॉर्मनं जिंकला.

अल्फनं संध्याकाळी हे सगळं, डब्यांसकट, खरं खरं लिहून पाठवलं. या वेळी 'छान' आलं नाही. फोन वाजला.

"अल्फ, टेगन बोलतेय. हे डब्यांचं खरं आहे?"

"अगदी खरं! हवं तर नॉर्मला विचार."

"विचारलं. डॉटलाही विचारलं. काउन्सिललाही विचारलं," टेगन म्हणाली. "आता फोटो पाठवा."