खांद्यावरचं फडकं

आमच्या तबेल्यात रोग शिरलाच, तर तो माझी परवानगी घेऊन आणि पाय धुऊन शिरेल, असं मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं होतं. लोक मोठ्या विश्वासाने आपले घोडे आमच्याकडे सांभाळायला ठेवतात, आणि पलीकडच्याच तबेल्यात घोड्यांच्या घशाला गाठी आणणारी साथ आली होती. नवरा म्हणाला, काळजी घेऊ. त्याचं 'घेऊ' म्हणजे काय, हे मला लग्नापासून पाठ आहे. म्हणून सूत्रं मी हातात घेतली. एकाच हातात, दुसऱ्यात लेक होती. तिला दात येत होते, त्यामुळे ती दिवसभर माझ्या कडेवर आणि तिची लाळ माझ्या खांद्यावर.

खरी धास्ती होती म्हातारीची. म्हातारी म्हणजे सासूबाईंची घोडी. माझ्या नवऱ्याला तिनेच पाठीवर बसायला शिकवलं, आणि पडायलाही. या वयात तिला हे दुखणं झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मग काय! प्रत्येक घोड्याची बादली वेगळी, खरारा वेगळा. दारात जंतुनाशकाचं घमेलं. बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही. वकीलसाहेब आपल्या काळ्या घोड्याला भेटायला नवेकोरे चामडी बूट घालून आले, तेही बुडवायला लावले. कोर्टात ते इतके गप्प कधी राहिले नसतील. नव्याने आलेल्या करड्या घोड्याला, म्हणजे आमच्या पाहुण्याला, मागच्या शेडमध्ये एकटं ठेवलं. सासूबाई म्हातारीचं उष्टं गाजर त्याला द्यायला निघाल्या, तर मी ते वाटेतच जप्त केलं.

"गाजराला ताप आहे का गं?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. अधिकारी माणसं देत नाहीत.

आणि नेमकं पाहुण्याचंच नाक वाहायला लागलं. अंगात तापही होता. डॉक्टरांनी त्याच्या नाकातला नमुना तपासणीला पाठवला आणि विचारलं, याच्याकडून बाकीच्या घोड्यांकडे कोण जातं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जाते, म्हटलं, पण कशी जाते ते तर बघा! आणि लेकीला कडेवर घेऊन मी त्यांना तबेलाभर फिरवलं. इथे हात धुते, इथे हातमोजे बदलते, इथे बूट बुडवते. म्हातारीपाशी पोचेपर्यंत माझा आवाज चांगलाच तापला होता.

म्हातारीने शांतपणे मान लांब केली आणि माझ्या खांद्यावरच्या, लेकीची लाळ पुसायच्या फडक्याला नाक पुसलं. आधी एक नाकपुडी, मग दुसरी. शेजारचा काळा मान पुढे काढून आपल्या पाळीची वाट बघत होता.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. "पाहुणाही असंच करतो?"

करत होता. रोज. बादल्या वेगळ्या, खरारे वेगळे, आणि रुमाल तेवढा सगळ्यांना मिळून एक!

फडकं उकळत्या पाण्यात गेलं आणि मी तबेल्याबाहेर. आता लेकीला घेऊन खिडकीत उभं राहणं, एवढंच माझं काम. आत बाकीचे सकाळ-संध्याकाळ सगळ्या घोड्यांचा ताप बघत. सासूबाई स्टूल टाकून म्हातारीपाशी बसलेल्या असत. तिच्या जबड्याखाली बोटं फिरवून गाठ चाचपत, मग माझ्या खिडकीकडे बघून मान हलवत: नाही. एका शब्दाने बोलल्या नाहीत मला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी तपासणीचा निकाल आला. आमच्याकडे साथबीथ काही नव्हती. पाहुण्याला प्रवासात साधी सर्दी झाली होती. खात्रीसाठी नमुना पुन्हा तपासला, तोही स्वच्छ. मी लेकीचा असा मुका घेतला की ती रडायलाच लागली.

मग मला पुन्हा प्रवेश मिळाला. घमेल्याशेजारी सासूबाईंनी एक खुंटी ठोकून घेतली होती. मी फडकं खुंटीला अडकवलं, बूट बुडवले, हात धुतले आणि ताठ मानेने म्हातारीपाशी गेले. तिने मान लांब केली, माझा खांदा हुंगला. फडकं नाही. क्षणभर विचार केला, आणि शेजारीच, कडेवर असलेल्या माझ्या लेकीच्या टकलावर नाक पुसलं. आधी एक नाकपुडी, मग दुसरी.

लेक खदखदून हसली.

"आता हिलाही घमेल्यात बुडवतेस," सासूबाई म्हणाल्या, "की खुंटीला अडकवतेस?"