भूपालअण्णांचा गरगऱ्या

भूपालअण्णांच्या गिरणीत शिंकायला बंदी होती. गिरणी गव्हाची नव्हे, मिरचीची. वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, करून न्यायला बायका मिरच्यांची पोती घेऊन तिथं रांगेत बसायच्या आणि त्यातल्या एकीनं जरी शिंक दिली तरी अण्णा खटकन बटण दाबून मशीन बंद करायचे.

"कोण शिंकलं?"

बायका पदरात नाकं लपवायच्या. अण्णा एकेकीच्या नाकाकडं बघत रांगेतून फिरायचे. गुन्हेगार सापडली की तिच्यावर ओरडायचे मात्र नाहीत. "कुठं बसलतीस? हितं? मान कुणीकडं हुती?" असं सगळं विचारून घ्यायचे आणि तिला उठवून स्वतः त्या जागी उकिडवे बसून हवा हुंगायचे. मग पान्हा काढून शिडीवर, पाइप आवळायला. खाली रांग ताटकळलेली. एखादी फणकारायची, "अवो अण्णा, मिरची हाय ती, गुलाबपाणी न्हवं!"

वरून उत्तर यायचं, "पाणी गाळून पितीस न्हवं? मग हवा का न्हाय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ते जैन, घरात पाणी गाळल्याशिवाय थेंब प्यायचे नाहीत. हवेचा प्रश्न त्यांनी दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना विचारला होता.

मी लग्न होऊन मंगळवार पेठेत त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, हे खूळ नव्हतं. तेव्हा मशीनच्या तोंडाशी त्यांची बायको, पद्माक्का, बसायच्या. पदर नाकाला गुंडाळलेला, पापण्यांचे केससुद्धा लाल झालेले. हातानं मिरची आत सारत दिवसभर त्या खकाण्यात बसायच्या. उन्हाळ्यात आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच ठसका लागायचा, आणि ही बाई लग्न झाल्यापासून त्याच जागेवर. संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसल्या की त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. "मांजराचं पिल्लू गिळलंय बघ मी," असं म्हणून हसायच्या आणि हसता हसता धाप लागून थांबायच्या.

एका उन्हाळ्यात त्या माहेरी, नेसरीला गेल्या. अण्णांनी गल्लीत सांगितलं, "आंबं खायला गेलीया." आंबे संपले, पावसाळा संपला, पद्माक्का आल्या नाहीत. बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. असल्या तिरसट माणसापाशी कोण राहील, असं नळावर ठरलं.

आणि अण्णांनी तेलाचं एक मोठं पिंप विकत आणलं.

पत्रेवाल्याकडून त्याला खाली नरसाळ्यासारखं निमुळतं टोक लावलं, मशीनच्या तोंडापासून आणलेला एक पाइप बाजूनं तिरका आत घातला, डोक्यावर दुसरा पाइप छपराबाहेर काढला, आणि सगळी हवा खेचायला पंखा. नाव ठेवलं गरगऱ्या. मला उभं करून त्यांनी ते यंत्र समजावलं.

"वैनी, गगनबावड्याच्या म्होरं घाटात यष्टी वळली की जाडजूड पावणं कसं खिडकीवर आदळतंय? तसं. ह्या पिंपात हवा गरागरा फिरती. चटणीची धूळ म्हंजे जाड पावणं. ते पत्र्यावर आदळतंय आन् घसरून खाली डब्यात. हवा हडकुळी, ती मधनंच वर सटाकती."

सांगताना ते स्वतःच गरगर फिरले आणि माझ्या पिशवीवर आदळले.

पहिल्याच दिवशी गरगऱ्यानं इंगा दाखवला. खालच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं नव्हतं. त्या फटीतून हवा आत घुसली आणि खाली पडायची चटणी उलटी वर निघाली. नेमकी तेव्हाच गल्लीतून वरात चाललेली. छपरातून लाल ढग उठला आणि वरातीवर बसला. बँडवाल्यांचा वाजवायचा दम गेला, घोडा शिंकायला लागला, आणि नवरीच्या आधी नवरदेवच हमसून हमसून रडला. वरबाप गिरणीत घुसला तेव्हा अण्णा शिडीवर होते. "झाकण हो, झाकण!" ते आनंदानं ओरडले. चूक सापडली होती ना!

त्यानंतर ते हटलेच नाहीत. कधी नरसाळं लांबवलं, कधी पाइप बारीक केला, कधी पंखा बदलला. छपरावरच्या पाइपाच्या तोंडाला ओलं पांढरं धोतर बांधायचं आणि संध्याकाळी उतरवून बघायचं, हा रोजचा नेम. सुरुवातीला धोतर होळी खेळल्यासारखं निघायचं. मग गुलाबी. असं करत दोन-तीन उन्हाळे गेले. एका संध्याकाळी ते धोतर घेऊन आमच्या दारात आले. पांढरंशुभ्र.

"वैनी, उद्या माझ्यासंगं नेसरीला येतासा? बाईमाणूस बरोबर असलं की ती न्हाय म्हणायची न्हाय."

तेव्हा मला कळलं, हा सगळा खटाटोप कशासाठी ते.

नेसरीत पद्माक्का बाहेरच्या सोप्यात गुंडाळलेल्या गाद्यांना टेकून बसलेल्या होत्या. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून झोपायच्याही बसूनच. गळ्याची हाडं वर आली होती. त्यांचा भाऊ दारातच म्हणाला, "आता कशाला आलासा? तुमच्या गिरणीनं हिचं छाताड खाल्लं की."

अण्णा तसेच आत गेले. पिशवीतून धोतर काढून त्यांनी पद्माक्कांच्या मांडीवर पसरलं.

"दिवसभर बांधलं हुतं. ऐन हंगामात. बघ."

पद्माक्कांनी त्यावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली.

"वासबी न्हाय वो," त्या म्हणाल्या. थोडा दम घेऊन भावाला म्हणाल्या, "माझी पिशवी भर."

त्या आल्या. अण्णांनी गिरणीच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. शिंकेचा कायदा कडक झाला तो तेव्हापासून. बायका शिंक आली की नाक दाबून गल्लीत पळायच्या. पद्माक्का आतून ऐकायच्या आणि हसायच्या. एवढ्यानंही त्यांना दम लागायचा.

एकदा डॉक्टर घरी आले तेव्हा मी तिथंच होते. अण्णांनी त्यांना आधी गरगऱ्या दाखवला. डॉक्टरांनी पद्माक्कांना तपासलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, "आता हवा कितीही चांगली असली तरी, आत झालंय ते नीट व्हायचं नाही."

अण्णांनी गरगऱ्याकडं बोट दाखवलं.

"आतलं काढायला कसला पंखा नसतोय व्हय?"

त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. डॉक्टरांनी बॅग उचलली.

श्रावणात पद्माक्का गेल्या. गाद्यांना टेकून बसल्या बसल्याच. शिट्टी थांबली म्हणून अण्णांच्या लक्षात आलं. मिरचीचा हंगाम नव्हता, गिरणी बंद होती. छपरावर नुसता पाऊस वाजत होता.

नंतर गिरणी सुरू झाली, पण अण्णा गप्प झाले. दूधवाल्याला काही विचारेनात. लोक म्हणाले, सुधारला माणूस.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी मिरच्या घेऊन गेले. शटर अर्धं खाली होतं आणि त्याच्या खालून लाल धूर रस्त्यावर येत होता. मला वाटलं, झाकण निसटलं असणार. नाकाला पदर लावून वाकून आत गेले. मशीन धडधडत होतं. गरगऱ्या गप्प होता. मशीनच्या तोंडाशी अण्णा मांडी घालून बसले होते आणि मूठ मूठ मिरची आत सारत होते. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा लागलेल्या, पापण्या लाल.

"अण्णा, अवो पंखा बंद हाय!"

"ठावं हाय." खोकल्यानं ते वाकले, पुन्हा सरळ झाले. "बघत हुतो. ती कशी बसत असंल."

मी खोकत खोकत भिंतीवरचं पंख्याचं बटण शोधायला लागले. त्यांनी माझ्याकडं न बघताच हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, वैनी. एवढ्यात कुठं उठायची ती."