नानांचं पावणेसात दुखणं

"नाना, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. आज दुखणं किती?"

"पावणेसात."

"सहा लिहू की सात?"

"पावणेसातला पावणेसातच लिहितात, मॅडम. सहा लिहिलंत तर उरलेलं पाऊण दुखणं काय तुम्ही घरी नेणार?"

जळगावच्या ज्या रुग्णालयात मी काम करते, तिथे कमरेच्या मणक्यावर एक अभ्यास चालू आहे. वयानुसार काही जणांच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद होत जाते. चार पावलं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. अशांना ऑपरेशन बरं की आधी नीट शिकवलेला व्यायाम बरा, हे आम्हाला पाहायचंय. रुग्णांना समजावणं, अर्ज भरून घेणं, तारखा पाळायला लावणं हे माझं काम. त्यातलं निम्मं काम एकट्या नानांचं.

मुरलीधरनाना दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. सगळी नोकरी दर तासाला मीटर वाचून आकडा लिहिण्यात गेली. बायको वारली, मुलगी सुरतला दिली, आणि नाना जळगावात दोन खोल्यांत एकटेच राहतात. मूळचे दोंडाईच्याचे, त्यामुळे भाषा ऑफिसची, पण आवेश आला की 'आहे'चं 'शे', 'इथे'चं 'आठे' आणि 'सगळी'चं 'बठ्ठी' होतं. पहिल्यांदा आले तेव्हा सोबत सायकल होती. ती ढकलतच घरापासून आले होते.

"बसून का नाही आलात?" मी विचारलं.

"बसायला नाही, ओणवायला शे ती," नाना म्हणाले. "हँडलवर ओणवं झालं की पाय चालतात. सरळ झालं की ट्रिप होतात."

अभ्यासात यायचं तर आधी माहितीपत्रक वाचून सही करावी लागते. लोक शेवटचं पान काढून विचारतात, सही कुठे? नानांनी ते घरी नेलं, तीनदा वाचलं आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने सुधारून परत आणलं. मग आमच्या सरांना विचारलं, "दोन्हींतला चांगला उपाय कोणता?"

"तेच आम्हाला अजून माहीत नाही," सर म्हणाले.

नानांनी चष्मा काढला. "इतक्या डॉक्टरांकडे गेलो, 'माहीत नाही' म्हणणारे तुम्ही पहिले. आणा सही करतो."

कुठल्या गटात जायचं हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो. नानांनी विचारून घेतलं, त्याला कोणी फोन करून सांगू शकतो का? नाही म्हटल्यावर समाधान झालं. त्यांच्या वाट्याला व्यायाम आला.

आता यात एक नियम असतो. रुग्णाची चाल मोजणाऱ्या माणसाला त्या रुग्णाचा गट कळता कामा नये, नाहीतर मोजमापात मन येतं. म्हणून रुग्णाने त्याच्यासमोर गप्प राहायचं. नानांनी हे इतकं मनावर घेतलं की शेजारच्या काकूंना सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. एक दिवस व्यायाम शिकवणाऱ्या देशमुखने सहज विचारलं, "काय नाना, कसा चाललाय व्यायाम?" नाना छातीशी गुडघा धरून उताणे पडले होते. म्हणाले, "मी कोणत्या गटात आहे ते मला सांगता येणार नाही."

चालण्याची चाचणी आमच्या कॉरिडॉरमध्ये व्हायची. तिसऱ्या खेपेला नाना पिशवीतून गवंड्याची पाणसळ घेऊन आले आणि फरशीवर ठेवली. काचेतला बुडबुडा एका बाजूला सरकला. "उतार शे. जाताना मी बरा, येताना आजारी. बठ्ठी रीडिंग चूक." सरांनी स्वतः वाकून पाहिलं आणि चाचणी दुसऱ्या मजल्यावर नेली. त्या दिवसापासून नाना आम्हाला बरोबरीची वागणूक देऊ लागले.

अर्जात 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' असा एक रकाना आहे. तिथे नानांनी स्वतःचंच नाव आणि स्वतःचाच नंबर लिहिला होता. मी खूप वाद घातला. "मला अडचण आली तर मला आधीच कळलेलं असेल," एवढंच ते म्हणाले. तो रकाना मी तसाच सोडला. ही माझी चूक.

सहा महिने झाले. नानांचं दुखणं पावणेसातवरून सव्वातीनवर आलं, सायकल घरी राहू लागली. आणि एका मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मॅडम, एक विचारायचं होतं. दोन्ही पाय बधिर पडले, बसायची जागापण बधिर वाटतेय, लघवी झाली तरी कळत नाही, असं असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबलं तर चालेल ना?"

"नाना, कुठे आहात तुम्ही? अजिबात..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच फोन कट. परत लावला तर बंद. ही लक्षणं आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलेली आहेत. नसांवर जोराचा दाब आला की असं होतं, आणि उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात. मी सरांकडे धावले. सर म्हणाले, "गाडी घे आणि शोध त्यांना."

घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते सकाळच्याच गाडीने दोंडाईच्याला गेले, बहिणीकडे. दर मंगळवारी जातात की! तुम्हाला माहीत नाही?"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काकूंकडून गल्लीचा पत्ता घेतला आणि ड्रायव्हर व मी निघालो. अमळनेर गेलं, शिंदखेडा गेलं, मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होते. डोळ्यांसमोर नाना कुठेतरी फलाटावर पडलेले दिसत होते.

गल्लीत शिरले तर ओट्यावर नाना मांडी घालून बसलेले, ठणठणीत. समोर बाजेवर एक पांढऱ्या केसांची म्हातारी उताणी पडलेली. नाना तिचा गुडघा छातीकडे नेत मोजत होते, "सात... आठ... श्वास सोड अक्का..."

"नाना!"

त्यांनी वर पाहिलं. "मॅडम? आज माझी तारीख नाही."

"तुमचे पाय?"

"माझ्या पायांना काय धाड भरलीय?"

"मग फोनवर काय सांगितलंत? आणि फोन बंद का?"

"बॅटरी गेली. सकाळपासून लाईट नाही." वीजकेंद्राच्या माणसाने हे खाली मान घालून सांगितलं. "आणि मी माझे पाय कुठे म्हणालो?"

मी ओट्यावरच बसले. रडू आणि हसू एकदमच आलं. त्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाजेकडे वळले.

"अक्का, पाय कोणाचे बधिर झालेत?"

"मनाच," म्हातारी स्वतःच्या पायांवर हात ठेवत हसून म्हणाली. "वय व्हयनं ना बेटा. हाऊ तठे बी असाच भांडस का?" शेवटचं नानांकडे बोट करून, तिथेही हा असाच भांडतो का म्हणून.

तिच्या पावलांना मी चिमटा घेतला, तिला कळला नाही. अर्ध्या तासात आम्ही तिला गाडीत आडवी घालून धुळ्याच्या रस्त्याला लागलो होतो. मी कळवल्यावर सरांनी तिथल्या एका सर्जनना फोन करून ठेवला होता. संध्याकाळी तपासण्या झाल्या. सर्जन म्हणाले, "आज आणलंत ते बरं केलंत. सकाळी पहिलं ऑपरेशन यांचंच."

सकाळी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. नानांनी विचारलं, "माझ्या व्यायामाने बिघडलं का?"

"त्याने बिघडल्यासारखं वाटत नाही. पण नाना, तिला आधी दाखवायला हवं होतं. तुमचा व्यायाम तुमच्या मणक्याला तपासून दिलेला आहे."

"उशीर त्याच्याही आधीचा शे," नाना म्हणाले. "भाच्याच्या लग्नाला आम्ही स्टेशनवरून घरी चालत निघालो. अक्का दर ओट्यावर बसायची. मी पिशव्या घेऊन पुढे. वऱ्हाडासमोर ओरडलो, नाटकं बंद कर, चाल. ती तशीच उठली आणि चालायला लागली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं हो, मॅडम." ते हाताच्या बोटांकडे पाहत राहिले. "मग वर्षा-दोन वर्षांनी माझे पाय भरायला लागले, तेव्हा कळलं की ती का बसायची. तुमच्या कागदात एक ओळ होती. या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही, पण पुढच्या रुग्णांना होऊ शकेल. ती वाचून मी सही केली. पुढची रुग्ण म्हणजे अक्का."

थोड्या वेळाने सर्जन बाहेर आले. मास्क खाली ओढून म्हणाले, "दाब मोकळा झालाय. पायांत जान येईल असं वाटतंय." नानांनी हात जोडले आणि ते तसेच बराच वेळ जोडलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी अक्काला पावलांना चादरीचा स्पर्श कळू लागला, लघवीचंही कळू लागलं. तिसऱ्या दिवशी तिला वॉकर देऊन उभी केली. मी जळगावहून मुद्दाम गेले होते. नर्स एका बाजूला, नाना दुसऱ्या बाजूला. अक्का खाटेपासून दारापर्यंत गेली आणि थांबली. वॉर्डातले सगळे बघत होते. ती ओशाळून पटकन पुढचं पाऊल उचलायला गेली, तेव्हा नाना हलक्या आवाजात म्हणाले,

"घाई करू नको, अक्का. मी आठेच उभा शे."