खिडकीवरचं सॉरी

ऑफिसातली वस्तू घरी न्यायची नाही, हा नियम मी आयुष्यभर पाळला. (पेनं सोडून द्या.) पण गेल्या महिन्यात मी ऑफिसातला एक शब्द घरी नेला आणि पस्तावलो.

मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर बसतो. पूर्वी आमच्याकडे तक्रार आली की 'उद्या या' म्हणायची पद्धत होती. लोक चिडायचे, उद्या यायचे, पुन्हा चिडायचे. मग नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं: कोणी काहीही सांगो, आधी 'सॉरी' म्हणायचं, मग 'तुमची तक्रार नोंदवली आहे' आणि मग 'नेक्स्ट'. नळाला पाणी पूर्वीइतकंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. पण माणसं निमूट घरी जाऊ लागली. एवढ्याशा शब्दाची ताकद बघून मी ठरवलं, हा घरीही वापरायचा.

इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. लग्न झाल्यापासून आमच्याकडे तोंडाने कोणी माफी मागितलेली नाही. ज्याची चूक, तो गुपचूप उठून चहा करतो. दुसऱ्याने तो प्यायला की विषय संपला. (गॅसजवळ बहुतेक मीच असतो.)

बायको शिवणकाम करते. त्या दिवशी तिची पहिलीच ऑर्डर, शेजारच्या ताईंच्या मुलीचा फ्रॉक, संध्याकाळी द्यायचा होता. मदत करावी म्हणून मी इस्त्री हातात घेतली आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला. साहेबांचा फोन लवकर संपत नाही. इस्त्री मात्र आपलं काम करत राहिली.

बायको आली तेव्हा फ्रॉकच्या पोटाला हे एवढं भोक पडलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरोखर फार वाईट वाटलं आणि मी म्हणालो, "सॉरी. तुमची तक्रार नोंदवली आहे. नेक्स्ट."

जिभेला वळण लागलं की ती आपली राहत नाही हो. पण हे तिला कोण समजावणार?

तिने भोकावर मोठा खिसा लावून वेळ निभावून नेली. ताईंना तर खिसाच जास्त आवडला. पण बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. मी जाता-येता सॉरी म्हणत होतो, ती भिंतीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून 'नेक्स्ट' म्हणालो आणि समोर बायको उभी.

"नवऱ्याने फ्रॉक जाळला," ती म्हणाली.

"अगं, हे पाणीपुरवठ्याचं ऑफिस आहे."

"काल तक्रार नोंदवलीत ना? पुढे काय झालं, ते विचारायला आलेय."

मागचे आजोबा पुढे सरकले. "माझीही नोंदवलीय यांनी. नळ कोरडाच आहे."

गलका ऐकून साहेब धावत आले. "सॉरी मॅडम."

"तुम्ही कशाला? फ्रॉक तुम्ही जाळलात का?"

(थोडाफार त्यांनीच. पण नोकरी करायची आहे.)

मी उठलो. मागच्या खोलीत जाऊन आलं ठेचून चहा केला आणि खिडकीतून कप पुढे केला. तिने उभ्या-उभ्या तो संपवला, कप परत दिला आणि म्हणाली, "संध्याकाळी येताना पांढरा दोरा आणा." संसार रुळावर आला. आनंदाने मला रडू यायचंच बाकी होतं.

साहेबांना मात्र यात योजना दिसली. आता प्रत्येक तक्रारदाराला चहा मिळतो. खिडकीवर दुसरा माणूस बसतो आणि मी मागे सकाळपासून आधण ठेवतो. (ऑफिसच्या नळालाही पाणी नाही, चहापुरतं टँकरने येतं.)

काल मी बायकोची कात्री हरवली. रीतीप्रमाणे चहा घेऊन गेलो. तिने कप बाजूला सारला.

"हा तर तुम्ही दिवसभर वाटेल त्याला पाजता. माझ्यासाठी वेगळं काहीतरी बघा."

"मग इस्त्री करून देऊ?" मी विचारलं.

तिने शांतपणे इस्त्री उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि म्हणाली, "नेक्स्ट."